संजीवरावांचा रडका दगड

संजीवरावांनी त्या सहलीसाठी कुणाकडून एक रियालही घेतला नाही, आणि लोक फसले ते तिथेच. फुकट नेणाऱ्याचा कसला आलाय स्वार्थ? तर स्वार्थ असा : नाशिकजवळच्या एका बिल्डरचे फ्लॅट खपवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. ज्याच्या समोर दगड रडतो, त्याने पुढे केलेल्या कागदावर सही करताना चष्मा कोण लावतं? शिवाय महाराज न होताच महाराजांचा मान मिळत होता, तो वरकड.

सप्टेंबरातली दमट संध्याकाळ होती. कतारच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या ओसाड दगडी गावाबाहेर दहाबारा गाड्या लागल्या. एसीतून उतरताच सगळ्यांचे चष्मे धुरकटले. पडक्या भिंतीसमोर संजीवरावांनी डिकीतून मखमलीत गुंडाळलेला एक खळग्याचा दगड काढला. मखमलीच्या आत घट्ट बांधलेली प्लास्टिकची पिशवी होती. पिशवी सोडली आणि व्याख्यान सुरू झालं.

तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी या मुलखाला बेथ कत्राये म्हणत, इथले ख्रिस्ती साधू सुरियानी, म्हणजे जुन्या सिरियाक, भाषेत ग्रंथ लिहीत, इथवर सगळं इतिहासातलं. पुढचं संजीवरावांच्या पदरचं. त्यातल्या एकाने म्हणे याच दगडावर डोकं टेकून तप केलं, म्हणून खरा भक्त समोर आला की दगडाला पाझर फुटतो. बोलता बोलता त्यांनी त्या साधूला पार आपल्या गावच्या मठात आणून बसवलं. तोवर दगड खरंच ओला झाला. थेंब ओघळले. खळग्यात बाटलीतलं पाणी ओतलं तर ते हाताला कोमट लागलं. हा साधूचा श्वास, असं संजीवराव म्हणाले. मग मंडळींनी तळहातावर तीर्थ घेतलं आणि आपल्याकडच्या रीतीने डोळ्यांना लावलं.

मागे पूर्णिमा उभी होती. तिच्या सासूबाई, विठाबाई, घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना काचबिंदू. गेल्या वर्षीच्या सहलीत संजीवरावांनी त्यांना या तीर्थाची बाटली दिली आणि वर सांगितलं, "मावशी, औषधाचे थेंब बंद करा. देव आणि डॉक्टर एका डोळ्यात मावत नाहीत." विठाबाईंनी सुनेला पत्ता न लागू देता औषध थांबवलं. चार महिन्यांनी डाव्या डोळ्याचा उजेड गेला तो गेलाच.

दवाखान्यातली नर्स अन्नम्मा केरळातल्या कोट्टयमची, सुरियानी ख्रिस्ती. डोळ्यात काय घातलं होतं आणि कुणाच्या नावाने, ते तिने विचारून घेतलं. मग हिंदीत म्हणाली, की माझ्या आजीच्या प्रार्थना त्याच भाषेत होत्या, आणि त्यांतली एकही औषध बंद करायला सांगत नाही. पूर्णिमाने घरी येऊन बाटलीतला थेंब जिभेला लावला. कडूजहर, खारट. कपड्यांना बुरशी लागू नये म्हणून दोह्यात घरोघरी कपाटात पांढऱ्या दाण्यांचा डबा ठेवतात. हवेतलं पाणी ओढून तो डबा भरतो. तिला तो आठवला. पुढे काही दिवस तिने एका विटेवर प्रयोग केले. सासूबाईंना समजावून पाहिलं, पण संजीवरावांचं उत्तर तिच्याआधी पोचलं होतं : मावशी, भक्तीत कसर राहिली. आज विठाबाई आल्या होत्या त्या उजव्या डोळ्यासाठी.

चमच्यात तीर्थ आलं. पूर्णिमा सासूबाईंच्या कानाशी वाकली. "आई, संजीवरावांचे डोळे बघा किती लाल झालेत. आपल्यासाठी राबतात बिचारे. पहिला थेंब त्यांना घाला ना."

विठाबाईंचा जीव कळवळला. चमचा घेऊन त्या उठल्या. "खरंच की. लेकरा, जरा वर बघ."

संजीवराव मागे सरकले. "मावशी, मला नको. मला काही आजार नाही."

"तीर्थाला आजार लागतो व्हय? वर बघ."

चमचा डोळ्याजवळ आला तसा त्यांनी तो हाताने उडवला. विठाबाई म्हणाल्या, "झोंबंल म्हणून भ्यालास. मला झोंबलं तवा म्हणालास, पाप जळतंय."

पूर्णिमाला हेच हवं होतं. कुणाच्या हॉलमध्ये चहा पिताना तिला हा हिशेब चुकता करायचा नव्हता, तो भरगर्दीत करायचा होता. तिने पिशवीतून वीट काढली. संजीवरावांनी दगड उघडला तेव्हाच तिने विटेचं प्लास्टिक सोडलं होतं. वीट निथळत होती.

"ही आमच्या अल दुहैलच्या कंपाउंडातली वीट. हिच्यावर कुणी तप केलेलं नाही," ती म्हणाली. "कपाटातल्या डब्यातले दाणे कुटून चोळलेत. कॅल्शियम क्लोराइड. दमट हवेतलं पाणी शोषतं आणि त्यातच विरघळतं. वर पाणी ओता, गरम होतं. हवा लागू नये म्हणून यांचा देव प्लास्टिकमध्ये, आणि सहल फक्त दमट दिवसांत. वहिनी, हात लावून बघा."

वहिनी म्हणजे संजीवरावांची बायको, मालविका. तिने विटेवर पाणी ओतून बोट टेकवलं. मग नवऱ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसली.

तेव्हा दगडाला पाझर फुटला, तर हात जोडण्याआधी शेजारी दुसरा दगड ठेवून बघा. चमत्कार करणाऱ्याला तो आधी स्वतःवर करायला लावा. आणि डोळ्यात काय घालायचं ते डोळ्यांच्या डॉक्टरलाच विचारा. त्या साधूंनी ग्रंथ लिहिले. ते वाचावेत, त्यांच्या नावाने मीठ विकू नये.

राहिला जमाखर्च. फ्लॅटचे व्यवहार आठवड्याभरात मोडले. संजीवरावांना लोकांनी बोलावणं सोडलं, पण त्यांची दृष्टी शाबूत आहे. मंडळी आता सांगतात की आम्हाला तेव्हाच शंका आली होती. त्यांचं काही गेलं नाही. पूर्णिमाचा सूड पुरा झाला. विठाबाई उजव्या डोळ्यात वेळच्या वेळी औषध घालतात. सगळ्यांच्या वाट्याची किंमत त्यांनी एकटीने भरली, डाव्या डोळ्याने.