गुरुजींचं बटण

ऑनलाइन गाद्या विकणाऱ्या त्या कंपनीत सगळे त्याला गुरुजी म्हणत, आणि ते त्याला आवडे. वेबसाइटच्या एकाच पानाचे दोन नमुने करायचे, निम्म्या गिऱ्हाइकांना एक, निम्म्यांना दुसरा दाखवायचा, आणि कशावर जास्त गाद्या खपतात ते बघायचं, हे चाचण्यांचं काम तिथे त्यानेच सुरू केलं होतं. बटणावरचं ‘खरेदी करा’ काढून ‘घरी मागवा’ लिहायची युक्तीही त्याचीच. विक्री वाढली असं त्याने सांगितलं, सगळ्यांनी मानलं, आणि त्या एका बटणावर गुरुजी चार वर्षं भाव खात होता.

मग त्याच्याच विभागात ती नोकरीला लागली. प्रत्येक चाचणी तक्त्यात लिहायची: का केली, कधी सुरू, कधी बंद, किती जणांनी पाहिलं, निकाल काय. हरलेल्यासुद्धा. गुरुजीने तिचं नाव चित्रगुप्त ठेवलं. नाव ऑफिसभर झालं, पण लाडाने, आणि तिथेच त्याचं पित्त खवळलं. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती. ती आपलीच, असं तो धरून चालला होता. आणि बाई रोज तक्ता उघडून साहेबांना काहीबाही दाखवत होत्या.

एका सकाळी तिच्या चुका काढायला म्हणून त्याने तक्ता उघडला. तिने जुन्या चाचण्याही शोधून भरल्या होत्या. बटणाच्या ओळीत लिहिलं होतं: ‘निकाल माहीत नाही. नोंद सापडली नाही.’

तो तरातरा तिच्या टेबलापाशी गेला. “जिंकली होती ती चाचणी. लिही.”

“लिहिते ना, गुरुजी. किती दिवस चालली?”

त्याला आठवेना. “पंधरा,” त्याने ठोकून दिलं. “त्या वर्षीच्या मार्चचे पहिले पंधरा.”

ती लिहिता लिहिता थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “त्यातले दहा दिवस वेबसाइट दुरुस्तीसाठी बंद होती. तुमचाच मेल आहे.”

गुरुजीचा चेहरा उतरला. आता त्याला आठवलं, तिसऱ्याच दिवशी आकडा वर गेलेला पाहून त्याने चाचणी गुंडाळली होती. तिने लिहिलेलं खोडलं. “माझ्याकडून कुठे जाणार नाही,” ती म्हणाली. त्यापेक्षा हिने साहेबांना सांगितलं असतं तर परवडलं असतं, असं त्याला वाटलं.

शुक्रवारी खुर्ची तिला मिळाली. त्याने टाळ्या वाजवल्या, आणि सोमवारी बटणाची तीच चाचणी पुन्हा लावली. शेवटची तारीख आधीच लिहून टाकली, तीन आठवड्यांनंतरची. तिसऱ्या दिवशी ‘घरी मागवा’ पुढे होतं. चाचणी थांबवायला हात शिवशिवत होते, पण त्याने कळ काढली. शेवटी दोन्ही बटणं सारखीच निघाली. त्याने ओळ भरली, ‘फरक नाही’, आणि पुढे आपलं नाव घातलं.

मग तिच्या हरलेल्या चाचण्या मोजल्या. एक्केचाळीस. प्रत्येकीपुढे तारखा, आकडे आणि तिचं नाव. तिच्या जिंकण्यावर जळायची त्याला सवय झाली होती. हरण्याचाही हेवा वाटेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याने स्वतः लिहिलेली ओळ एवढ्या वर्षांत एकच होती, आजची.