नोरीनच्या टेबलाची जोडफळी

ज्या जानेवारीत नोरीनला जुळे मुलगे झाले, त्याच जानेवारीत मी फळी झाले. ते साल १९५९. त्याआधी मी ओकचे झाड होते. झाड असतानाचे मला फारसे आठवत नाही. वारा आठवतो, आणि खाली गोठून पांढरे पडलेले तळे.

मित्रांनो, मी एका जेवणाच्या टेबलाची जुनी जोडफळी आहे. टेबल दोन्ही टोकांनी ओढले की मधोमध फट पडते. त्या फटीत मला बसवतात आणि आठ माणसांचे टेबल बारा-तेरा माणसांचे होते. काम झाले की मला काढून ठेवतात.

नोरीनचा सासरा हालवर हा सुतार होता. टेबल त्यानेच सुनेला लग्नात करून दिले होते. एकाऐवजी दोन नातू झाले हे पाहून तो दवाखान्यातून घरी आला, कोट न काढताच टेबलापाशी उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, "हे पुरायचं नाही."

"अहो, पोरं दोन दिवसांची आहेत," ती म्हणाली. "त्यांना अजून दात नाहीत."

"येतील की."

तीन आठवडे तो माझ्यामागे होता. रंधा मारला, कडा घासल्या, टेबलाच्या भोकांत नेमक्या बसतील अशा खुंट्या केल्या. रंग मात्र जुळला नाही. टेबल मधासारखे आणि मी काळपट. नोरीनने ते पाहिले, पण ती काही बोलली नाही. आमच्या मिनेसोटात मिळालेल्या भेटीला कुणी नावे ठेवत नाही. हालवरच म्हणाला, "वरून टेबलक्लॉथ घालशील ना, मग कोण बघतंय?"

नाताळात ही मंडळी नोरीनच्या माहेरी जात. एरवी घरातल्यांना आठांचे टेबल पुरत असे. म्हणून माझी गरज वर्षातून एकदाच लागायची, नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला. उरलेले वर्ष मी जिन्याखालच्या कपाटात, लोकरीच्या कोटांमागे, भिंतीला टेकून झोपलेली असे.

झोपेत मला ते गुरुवार दिसायचे. एकामागून एक नाही, सगळे एकदम. आठ वर्षांचा रॉइस आणि चाळीस वर्षांचा रॉइस एकाच खुर्चीत बसलेले दिसायचे. हालवर वारून कितीतरी वर्षे झाली होती, तरी तो टर्की कापत असायचा आणि त्याच्यासमोर त्याने कधी न पाहिलेली पतवंडे ताटे पुढे करत असायची. बटरमध्ये परतलेल्या कांद्याचा वास दाराखालून आत यायचा. तो वास खरा की स्वप्नातला, हे मला कधी ठरवता आले नाही.

जाग यायची ती फोनमुळे. भिंतीवरचा फोन माझ्या कपाटाच्या दाराशेजारीच होता. ऑक्टोबर संपत आला की नोरीनचे बेत सुरू व्हायचे.

"क्रॅनबेरी तू आण. नाही, डब्यातली नको, तिच्यावर डब्याचे वळ उमटलेले दिसतात. टर्की अठरा पौंडांची घेतलीय, रविवारीच फ्रीजरमधून काढायला हवी. जेवण दोनला, म्हणजे पुरुषांची फुटबॉलची मॅच चुकायची नाही. पोरांना पत्ते खेळायचं छोटं टेबल."

ते ऐकत मी अंधारात माणसे मोजायची. आठांच्या वर गेली की माझा श्वास मोकळा व्हायचा.

छोट्या टेबलावरून मोठ्या टेबलावर यायला मुलांना बारा वर्षांचे व्हावे लागे. त्या वर्षी त्या मुलाची खुर्ची माझ्यासमोर मांडत. ते मूल ताठ बसायचे, कोपर वर ठेवायचे नाही, आणि माझ्या काठाला खालून घट्ट धरून ठेवायचे. असे कितीतरी घामेजलेले हात मला माहीत आहेत. वेंडेल आणि रॉइस हे जुळे एकाच वर्षी मोठ्या टेबलावर आले. दोघांनी मिळून पेन्सिलने माझ्या पोटावर काहीतरी लिहिले. मला तेव्हा अक्षरे येत नव्हती, मला फक्त गुदगुल्या झाल्या.

एकोणपन्नास वर्षे असे चालले. नोरीन वर्षातून एकदा मला जवसाचे तेल लावी. नवरा गेल्यावरही तिने त्यात खंड पाडला नाही.

मग २००८ साल आले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नोरीन पायरीवरच्या बर्फावरून घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. वेंडेल आणि त्याची बायको डार्ला तिच्यासोबत राहायला आली, ती कायमचीच. डार्ला ॲरिझोनाची. मनाने मोकळी, बोलायला स्पष्ट, कामाला वाघ. त्या वर्षीचे फोन तिने केले.

पुढचे सांगण्याआधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे पहिल्यांदा बोलावले की नाही म्हणतात. दुसऱ्यांदा बोलावले की जरा हळू आवाजात नाही म्हणतात. तिसऱ्यांदा बोलावले की म्हणतात, "बरं, येतो. पण जास्त काही करू नका." हे कुणी कुणाला शिकवत नाही. ॲरिझोनात ही रीत नसावी.

"रॉइस? मी डार्ला," असे मी दारामागून ऐकले. "गुरुवारी तुम्ही सगळे येताय ना?"

पलीकडचे मला ऐकू येत नव्हते.

"अहो, गर्दी कसली? या की."

तिने पुन्हा पलीकडचे ऐकून घेतले.

"बरं. जमत नसेल तर मी आग्रह नाही करत. मार्लिसला विचारलंय म्हणून सांगा."

मार्लिस म्हणजे रॉइसची बायको. तेवढे बोलून डार्लाने फोन ठेवला. मी दोन मोजले आणि तिसऱ्याची वाट पाहत राहिले.

वेंडेल आला. "येतायत ना?"

"नाही म्हणाले."

"रॉइस नाही म्हणाला?"

"अगदी स्पष्ट."

वेंडेल बराच वेळ तिथेच उभा होता. बायकोने तीनदा विचारले असणार, असे तो धरून चालला होता. तीनदा विचारल्यावर नाही म्हणणारा माणूस खरोखरच नाही म्हणत असतो. त्याने फोनकडे हात नेला असावा, कारण वायर हलल्याचा बारीक आवाज आला. पण त्याने फोन उचलला नाही.

"बरं," तो म्हणाला.

रॉइसकडची पाच माणसे आली नाहीत, म्हणून मीही बाहेर निघाले नाही.

पुढच्या वर्षी वेंडेल रॉइसच्या फोनची वाट पाहत राहिला आणि रॉइस वेंडेलच्या. आईच्या घरात आता आपण नकोसे झालो, असे रॉइसला वाटत होते. नोरीन त्याला स्वतः विचारायची, तेव्हा तो म्हणायचा, "या वर्षी मार्लिसच्या माहेरी ठरलंय गं." आईला भेटायला तो शनिवारी यायचा, वेंडेल मासे धरायला गेलेला असताना. नोरीनने दोघांनाही विचारले, "तुमचं काही झालंय का?" दोघेही म्हणाले, "छे, कुठं काय."

दोन्ही मुलगे एका टेबलाशी बसलेले पाहावेत, एवढीच तिची इच्छा होती. दर ऑक्टोबरात ती डार्लाला विचारायची, "यंदा किती जण?" आणि आकडा ऐकून विषय बदलायची. खरे कारण मला माहीत होते. मी एकटीच त्या फोनची साक्षीदार होते, आणि मला तोंड नव्हते.

तिसऱ्या वर्षी नोरीनच्या चालायच्या काठ्या ठेवायला कपाट रिकामे केले गेले. मला गॅरेजमध्ये नेऊन दोन लोखंडी ब्रॅकेटवर आडवे टाकले आणि वर रंगाचे डबे मांडले. तिथे हिवाळ्यात कडा आकसत, उन्हाळ्यात फुगत. ओल्या डब्यांचे गोल डाग माझ्यावर पडले. समोरच्या भिंतीवरही डबेच होते. त्यांच्यावरची नावे रोज पाहून पाहून मला अक्षरे आली. एकावन्नाव्या वर्षी मी पहिला शब्द लावला, तो 'पांढरा'. जुळ्यांनी पोटावर लिहिलेले तेवढे वाचता आले नाही, ते मला दिसतच नाही. झोप मात्र पूर्वीसारखी लागत नव्हती. स्वप्नात टेबल दिसायचे, पण त्याची फट मिटलेली असायची.

२०१७ साली थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी नोरीन आणि डार्ला टर्की काढायला गॅरेजमध्ये आल्या. मोठा फ्रीजर माझ्या खालीच होता. नोरीन आता वाळून बारीक झाली होती. तिच्या हृदयाची झडप दमली आहे आणि या वयात कापाकापी करता येणार नाही, असे डॉक्टरांनी सप्टेंबरात सांगितले होते.

तिने वर पाहिले. "ही इथं आहे होय," ती म्हणाली. मग फ्रीजरला टेकून म्हणाली, "डार्ला, पुढच्या वर्षाचे बेत मी आता करत नाही. या वर्षी दोघंही हवे होते गं मला."

"मी बोलावलं होतं, नोरीन. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा. ते नाही म्हणाले. मग पुन्हा कशाला अवघडून टाकायचं त्यांना?"

"किती वेळा विचारलंस?"

"दोनदा. दोन्ही वेळा नाही म्हणाले."

नोरीनने डोळे मिटले. तिला चक्कर आली असे वाटून डार्लाने तिचा दंड धरला.

"दोनदाच?" नोरीन म्हणाली.

"माणूस दोनदा नाही म्हणतो म्हणजे नाहीच ना?"

"तुमच्याकडं असेल. वेंडेलनं तुला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं?"

"तेही खरंच. ही काय सांगायची गोष्ट आहे." नोरीनने तिला ती रीत सांगितली. डार्ला ऐकता ऐकता उलट्या बादलीवर बसली.

"नऊ वर्षं?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी नऊ वर्षं? तुम्ही लोक सरळ हो का म्हणत नाही?"

"सरळ हो म्हटलं तर हावरट दिसतं. लाव फोन."

"तुम्ही लावा. तुमचा मुलगा आहे."

"घर तू चालवतेस. आमंत्रण तुझंच अर्धं राहिलंय."

डार्लाने खिशातून मोबाइल काढला.  तिने फोन स्पीकरवर ठेवला.

"रॉइस, मी डार्ला. गुरुवारी येताय ना तुम्ही सगळे? हे मी तिसऱ्यांदा विचारतेय."

 एक गाडी रस्त्यावरून गेली, तिचा आवाज विरला. नोरीन फोनकडे बघत नव्हती, ती माझ्याकडे बघत होती.

"बरं," रॉइस म्हणाला.  "येतो. पण जास्त काही करू नका."

"नाही करत."

"काही आणू का?"

डार्ला म्हणणार होती की आणा, पण नोरीनने मान हलवली. "नको, नको," डार्ला म्हणाली.

"थोडी लेफ्से आणतो. मार्लिसनं लाटलीय."

"कशाला तसदी?"

"थोडीच आणतो."

"बरं, आणा," डार्ला म्हणाली, आणि नोरीनने मान डोलावली.

गुरुवारी सकाळी अकराला रॉइस आला. हातात बटाट्याच्या पातळ पोळ्यांचा, लेफ्सेचा डबा. दारात वेंडेल.

"रस्ता कसा होता?"

"बरा होता. थोडा बर्फ."

"हं."

नोरीन स्वयंपाकघरातून म्हणाली, "फळी कोण बसवतंय? ते एकट्याचं काम नाही."

दोघे टेबलाच्या दोन टोकांना उभे राहिले. नऊ वर्षांत टेबलही आखडले होते.

"ओढ," वेंडेल म्हणाला.

"ओढतोय."

"ओढत नाहीयेस, नुसता धरून उभा आहेस."

"तुझीच बाजू अडकलीय."

मेणबत्तीचा तुकडा आणून त्यांनी तो खालच्या सरकत्या पट्ट्यांवर चोळला. टेबल कण्हत कण्हत उघडले. पण एवढ्या वर्षांच्या ओलीने मी फुगले होते, केसभर जास्त. वेंडेल तळघरातून हालवरचा रंधा घेऊन आला. रॉइसने मला गुडघ्यावर धरले आणि डागांवरून हात फिरवला.

"काय केलंय हे हिचं?"

"गॅरेजमध्ये होती."

"का?"

"लागत नव्हती."

वेंडेलने रंधा फिरवायला सुरुवात केली. रंध्यातून माझी पातळ साल निघून जमिनीवर पडत होती.

"डार्लाला माहीत नव्हतं," वेंडेल म्हणाला.

"कळलं मला रविवारी. तू फोन करायचास ना."

"तू करायचास."

"बरं."

"बरं."

मग त्यांनी मला फटीत उतरवले. खुंट्या भोकांत गेल्या आणि खट् असा आवाज झाला. त्या आवाजाने मी नऊ वर्षांच्या अर्धवट झोपेतून पुरती जागी झाले.

दोन वाजता तेरा माणसे बसली. आमच्याकडे जेवणाआधी प्रत्येकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचे असते. कुणी नव्या नोकरीचे सांगितले, कुणी कुत्र्याचे पाय बरे झाल्याचे. नोरीन मधोमध, माझ्यासमोर बसली होती. तिची पाळी आली. तिने एका टोकाला वेंडेलकडे पाहिले, दुसऱ्या टोकाला रॉइसकडे पाहिले. टेबलक्लॉथखालून तिचा हात माझ्या काठावर आला आणि तिथेच राहिला.

"माझं झालं," ती म्हणाली. "बटाटे गार होतायत."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणीतरी असेल. घडीची खुर्ची असेल, जास्तीचे ताट असेल, पाहुण्यांपुरते काढायचे अंथरूण असेल. त्याला ओलाव्यात टाकू नका. वर्षातून एकदा पुसून, उन्हाची तिरीप दाखवून नीट ठेवा. आणि ते बाहेर काढायला लागेल इतकी माणसे बोलवत जा. कुणी दोनदा नाही म्हणाले, तरी फोन लगेच ठेवू नका. जरा थांबा. पलीकडचा माणूसही अनेकदा थांबलेलाच असतो.

आता मी पुन्हा जिन्याखालच्या कपाटात आहे, लोकरीच्या ब्लँकेटात गुंडाळलेली. डाग रॉइसने घासून काढले, एक तेवढा निघाला नाही. मला तेल आता डार्ला लावते.

नोरीन २०१८ सालच्या मार्चच्या नऊ तारखेला, शुक्रवारी दुपारी वारली. बारा दिवसांनी तिला ब्याऐंशी वर्षे पूर्ण झाली असती. दोन्ही मुलगे जवळ होते.