ओळखीतून आलेली पानं

लवू घाणेकर आणि भास्कर केळकर दोघं एकाच वर्षी एसटीतून निवृत्त झाले. लवू ड्रायव्हर होता, भास्कर वाहतूक नियंत्रक. नोकरीत दोघांचं बोलणं गाडी लागली, गाडी सुटली, एवढंच. मैत्री झाली ती नंतर, मांडवीच्या जेटीवर. लवू तिथे गळ टाकून मासे गरवायला जायचा. एका संध्याकाळी भास्कर फिरत फिरत आला, शेजारी बसला आणि म्हणाला, “मला शिकव रे.”

भास्करच्या घरी मासे शिजत नसत. त्यामुळे जे काही लागेल ते लवूच्या पिशवीत जायचं. भास्करची गळकाठीही लवूच्या घरीच, मुरुगवाड्यातल्या पडवीत टेकवलेली असे. “सुमेधाला सांगितलंय, फिरायला जातो म्हणून,” भास्कर हसून म्हणायचा. लवूलाही हसू यायचं. लवू त्याला ‘भास्करराव, तुम्ही’ म्हणायचा, तो लवूला ‘अरे’ म्हणायचा. ते तसं का, हे दोघांच्याही मनात कधी आलं नसावं.

यंदाचा उन्हाळा असाच चालला होता. सूर्य कलला की दोघं जेटीच्या टोकाला बसायचे. आमिषाची कोळंबी चटकन नासते, गुडघा डावा जास्त दुखतो की उजवा, हापूसचा भाव कधी खाली येणार, नातवंडं मोबाइलमधून डोकं वर का काढत नाहीत. बोलणं कधी संपायचं नाही आणि त्यातलं लक्षात काहीच राहायचं नाही. गळाला एखादी काटेरी शेंगटी लागायची. काटा टोचेल म्हणून भास्कर काठी लवूकडे द्यायचा.

एप्रिलमध्ये भास्करच्या मुलीचं, अवनीचं, लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा. मुहूर्त मे महिन्यातला, इथेच रत्नागिरीत. मग जेटीवर दुसरा विषयच उरला नाही. मुलाकडच्यांना स्टेशनवरून आणायला गाडी कुठली घ्यावी, तर लवूने आपला जुना जोडीदार रावजी याची ट्रॅव्हलर ठरवून दिली. पंगतीला केळीची पानं हवीत, तर लवू म्हणाला, “संगमेश्वरला आमचा भाऊ काशीराम आहे ना. नदीकाठी बाग आहे त्याची. पानांचं तुम्ही सोडा माझ्यावर.”

“तू आहेस म्हणून रे,” भास्कर म्हणाला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

लवूने घरी येऊन बायकोला, जनीला, सगळं सांगितलं. जनीने ट्रंकेतली फारशी न नेसलेली साडी काढली, तिच्यावर ब्लाउज शिवायला टाकला.

“बोलवना कधी येतेत?” ती विचारायची.

“येतील गो. आधी लांबच्यांना द्यायचं असतं. आमी काय, रोज भेटतो.”

रोज भेटत होते, हे खरं. भास्कर मेनू सांगायचा, हॉलची सजावट सांगायचा, विहीणबाईंचे नखरे सांगायचा. अक्षता मात्र त्याने कधी खिशातून काढल्या नाहीत. लवू स्वतःलाच कारणं देत राहिला. जेटीवर माशांच्या वासात कोण अक्षता देईल? घरी येतील. जोडीनं येतील.

लग्नाच्या आदल्या दिवशी काशीराम पहाटेच्या गाडीने पानांचे भारे घेऊन आला. लवूने रिक्षा केली आणि भारे हॉलवर नेले. भास्कर दारातच होता, फोनवर बोलत. त्याने हाताने मागचं दार दाखवलं. लवूने भारे मागे नेऊन पाण्याने शिंपडले, ओल्या गोणपाटात झाकले आणि थोडा वेळ उभा राहिला. भास्कर आला, पानांवरून हात फिरवून म्हणाला, “झकास! बरं, पळतो मी, फुलवाला आलाय.” आणि खरंच पळाला.

रात्री जनीने विचारलं, “उद्या जायचा ना?”

“बगू,” लवू म्हणाला.

सकाळी त्याने दाढी केली, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खुर्चीत बसून राहिला. जनी साडी नेसली नाही. मुहूर्त टळून गेल्यावर तिने भाताला आधण ठेवलं, तेव्हा लवू उठून शर्ट काढायला आत गेला.

चार-पाच दिवसांनी भास्कर जेटीवर आला. हातात लाडवांचा डबा. “घे, बुंदीचे. अरे, काय दमलो सांगू! आटोपशीरच केलं आम्ही. पुण्याचीच माणसं जास्त. पानं पण काय होती रे तुझी! व्याही विचारत होते, एवढी कोवळी पानं कुठून आणलीत?”

“मग? काय सांगितलंत?”

“सांगितलं, मिळाली ओळखीतून.”

लवूने डबा घेतला. त्या संध्याकाळी भास्कर एकटाच बोलत होता. जावई कसा, त्याचं पॅकेज कसं, फोटो किती छान आले. फोटो दाखवायला त्याने मोबाइल पुढे केला आणि लवूने एकेक फोटो पाहिला. ट्रॅव्हलरच्या दारात उभा असलेला रावजीही एका फोटोत होता. त्याचं जेवण तिथेच झालं होतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवूने पडवीतली भास्करची काठी उचलली आणि खालच्या आळीत भास्करच्या घरी निघाला. मनात पक्कं होतं. घरातल्या सगळ्यांच्या देखत ती काठी दारात ठेवायची आणि म्हणायचं, “ही भास्कररावांची गळकाठी. माशांची.” एवढंच म्हणायचं आणि परत फिरायचं. वाटेत ते वाक्य त्याने कितीदा तरी मनात म्हणून पाहिलं.

दार भास्करच्या बायकोने, सुमेधावहिनींनी, उघडलं. भास्कर बँकेत गेला होता. काठी पाहून त्या जराही चकित झाल्या नाहीत.

“या लवूभाऊ. अहो, ही कशाला आणलीत? तुमच्याकडेच बरी होती.”

लवू गोंधळला. “तुम्हाला ठाऊक आहे?”

“शर्ट कोण धुतं त्यांचे?” त्या हसल्या. “फिरून आल्यावर कोळंबीचा वास येतो होय कुणाच्या बाहीला? त्यांना वाटतं मला कळत नाही. वाटू दे. बसा ना. लग्नाला मात्र तुम्ही आला नाहीत. मी ह्यांना दोनदा म्हटलं, लवूभाऊंकडे आपण जोडीनं जाऊन येऊ. तर म्हणाले, नको, त्याला गर्दी आवडत नाही, तो यायचा नाही, उगाच संकोचेल. खरंच, थोडा वेळ तरी यायचं होतं. अवनीलाही बरं वाटलं असतं.”

लवू उंबऱ्याबाहेर उभा होता. घरातून उदबत्तीचा वास येत होता, सोफ्यावर आहेराच्या साड्यांचा ढीग होता. आता बोलायचं होतं. मला कुणी विचारलंच नाही, वहिनी. एवढे चार शब्द.

“नाही, ते… मला खरंच नाही आवडत गर्दी,” तो म्हणाला. “आणि जनीचंही जरा बरं नव्हतं.”

“अगंबाई! मग आता कशी आहे?”

“बरी आहे.”

वहिनींनी आग्रहाने पन्हं दिलं. त्याने ते उभ्यानेच प्यायलं, पेला खाली ठेवला, काठी दारामागे टेकवली आणि निघाला. घरी जनीला सगळं सांगितलं तेव्हा ती विळीवरून उठलीच नाही.

“तुमी त्यांची लाज राखलात,” ती म्हणाली. “त्यांनी तुमची राखली?”

बुंदीचे लाडू तिने शेजारच्या पोरांना वाटून टाकले.

त्यानंतर लवू मांडवीला गेला नाही. भगवती बंदराच्या बाजूला, खडकांवर एकटाच बसू लागला. भास्करचा दोनदा फोन आला, लवूने उचलला नाही. तिसऱ्यांदा आलाच नाही. मेच्या अखेरीस एका संध्याकाळी त्याला तांबोशी लागली, हातभर लांब, अशी की आयुष्यात कधी लागली नव्हती. खडकावर ती उड्या मारत होती आणि लवूने आनंदाने मान वळवली, कुणाला तरी दाखवायला. शेजारी कुणी नव्हतं. दाखवायला आठवलं होतं ते एकच माणूस, आणि ह्याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.