लोखंडावरचा दोरा

मसुऱ्याच्या तिठ्यावर ही गर्दी, काय सांगू तुम्हाला, पाय ठेवायला जागा नाही. मधे बाबा. हातात जाड लोखंडी खिळा, त्यावर घट्ट गुंडाळलेला पांढरा दोरा, आणि खिळा धरलाय समईच्या ज्योतीत. बाबानं देवाची अकरा नावं घेतली, खिळा बाहेर काढला. दोरा जसाच्या तसा.

"अग्नी माझो भाचो," बाबा म्हणाला. "मामाच्या दोऱ्याक हात लावीत नाय."

गर्दीत शेवंती आणि तिचा नवरा परशुराम, मुंबईला कोळशाच्या रेल्वे इंजिनावर फायरमन. रजा संपलेली, दुपारच्या एस.टी.नं निघायचं. त्याआधी गड्यानं, आता आग-वाफ अंगाला लागायची नाही म्हणून, बाबाकडून मनगटाला दोरा बांधूनसुद्धा घेतला.

"आता ती काचेची पेटी काढून टाकतंय," तो म्हणाला.

शेवंतीला ती पेटी ठाऊक होती. इंजिनात बॉयलरचं पाणी दाखवणारी काचेची नळी असते. ती फुटली की वाफ आणि काचा थेट तोंडावर, म्हणून तिच्याभोवती जाड काचेची पेटी. पण पेटी काजळते, पाणी दिसत नाही, मग हे लोक ती काढूनच ठेवतात. त्याच्या जोडीदाराचे, भिकाजीचे, दोन्ही डोळे असेच गेलेले.

शेवंती तडक घरी. खलातल्या लोखंडी बत्त्याला आपल्या शिवणाचा दोरा घट्ट गुंडाळला, दिव्यावर धरला, अकरा मोजले. दोरा शाबूत. तोच दोरा काठीला गुंडाळला, तर तीन म्हणायच्या आत पेटला.

बत्ता, काठी आणि दोरा घेऊन परत तिठ्यावर. बाबाच्याच समईवर सगळं करून दाखवलं.

"दोरो माझ्या शिवणाचो. मंत्र नाय, काय नाय. आगीची धग लोखांड ओढून घेता, दोऱ्याक जळाक उरणाच नाय. काठयेवर जळलो, बघितलास मा? मग माणसाचा मनगट काय लोखांडाचा आसा?"

मग म्हातारी हौसाबाई तिच्या पायाशीच वाकली.

"शेवंते, तुझ्याय हातात ता बळ इला गो. माझो लवू बोटीर आसा, तेका एक दोरो दी."

"माझीच शिष्यीण ती," बाबा लगेच म्हणाला.

आणि झाली की रांग सुरू, शेवंतीसमोर. ती समजावतेय, घसा फोडून समजावतेय, आणि बायका हात पुढे करतायत.

एस.टी. आली. परशुरामनं बाबाचा दोरा तोडून टाकलेला. शेवंतीचा जीव भांड्यात पडणार, तोच त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला.

"तुझोच बांध मगे. घरचो दोरो बरो."

"दोरो नको," ती गाडीबरोबर चालत म्हणाली. "पेटी काढू नकात. दिसणा नाय तर फडको मारा, दोन मिनटा लागतत. दोऱ्याक डोळे नाय. तुमका आसत, ते राखा."

गाडीनं वेग घेतला. वळणापर्यंत त्याचा हात बाहेरच होता, दोऱ्यासाठी.