खंडेनवमीची नळी

नळीच्या खोलीत उघड्या हातानं कशालाही शिवायचं नाही, हा नियम महिपतराव भापकरांनी एकतीस वर्षं पाळला होता. नव्या माणसाला ते दमच भरायचे, "हातमोजे घाला, नाहीतर घरचा रास्ता पकडा." आणि तो नियम मोडला कोणी, तर त्यांनीच.

वीतभर लांब नळी. आतली हवा पार काढून घ्यायची, पोकळीतून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा, की मिलिमीटर लहरींचा दुबळा संकेत उपग्रहापर्यंत पोहोचण्याइतका तगडा होतो. आराखडा शरयू दीक्षितचा, जोडणी महिपतरावांची. ग्वाल्हेरची ही प्रयोगशाळा दक्षिणेतल्या मोठ्या संस्थेत विलीन होणार होती. चाचणीत नळीचे शंभर वॅट दोनशे तास टिकले, तर ग्वाल्हेरचा आराखडा तिकडे पुढे जाणार होता. नाहीतर शरयूची सहा वर्षं कपाटात.

विलीनीकरणाचा हुकूम महिपतरावांनी दोनदा वाचला. शिंद्यांच्या फौजेतली आजोबांची पलटणही अशीच विलीनीकरणाच्या एका कागदानं संपली होती. शिंदे की छावनी या जुन्या मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात तेव्हापासून उरली ती फक्त शस्त्रपूजा. दर खंडेनवमीला ते नळीच्या खोलीच्या दाराबाहेरही पूजा करत. यंदाची शेवटची, म्हणून मन ऐकेना. ते आत गेले, हातमोजा काढला आणि नळीचे भाग मांडलेल्या तबकाच्या कडेला कुंकवाचं बोट टेकवलं. एवढ्याशानं काय होतंय, असं त्यांना वाटलं. दसऱ्यानंतर नळी सील झाली.

चाचणीच्या एकोणिसाव्या तासाला शंभराचे साठ वॅट झाले, मग बावीस.

"आराखडाच कच्चा आहे," चाचणी तपासायला आलेल्या समितीचे अध्यक्ष म्हणाले. शरयू मान खाली घालून उभी होती. मागे उभ्या महिपतरावांना तबकाच्या कडेचं कुंकू आठवलं, आणि ते मागच्या मागे बाहेर पडले. त्यांना स्वतःची शरम वाटली.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी तबक शरयूच्या टेबलावर ठेवलं.

"कडेला बघा, ताई. कुंकू आहे. मी लावलं. आराखडा एकदम ठीक है."

"काका, तुम्ही?" तिचा आवाज चढला. "छह साल! आणि चार दिवस गप्प बसलात?"

त्यांनी मान डोलावली आणि नळी कापायला काढली.

नळी कापली. आत तबकातून भागांवर उडालेले कुंकवाचे कण सापडले; तापून त्यांतून सुटलेल्या वायूनं पोकळी बिघडली होती. समितीनं आराखडा कायम ठेवला. नवी नळी दक्षिणेत करायची ठरली. अहवालात शरयूनं लिहिलं, 'हाताळणीतली चूक', आणि नावाची जागा कोरी ठेवली.

"राहू द्या, काका. दोन महिन्यांत रिटायर होताय."

"मोघम लिहिलंत तर उद्या दोष परत आराखड्यावर येईल." त्यांनी पेन घेतलं, पूर्ण नाव लिहिलं, काय केलं, कधी केलं, तेही लिहिलं.

शरयूनं डोळे पुसले. "तिकडे जोडणी कोण करणार आता?"

"ज्याला हातमोजे देण्याआधी हे पान वाचायला द्याल तो," महिपतराव म्हणाले.