बदलून दिलेली डिस्क

तुम्ही चोर आहात. एसीत बसणारे, गोड बोलणारे, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं टेपवर ऐकवणारे चोर. तुम्ही माझ्या सासूचा गळा नेलात आणि त्याच्या बदल्यात कुठल्यातरी परक्या घरातलं बारसं आमच्या हातात ठेवलंत. याला तुम्ही 'तक्रारीचे निवारण झाले आहे' म्हणता. तसा मेसेजही आला, वर पाच चांदण्या द्या म्हणून विनंती. मी याला चोरी म्हणते, आणि ती कशी झाली ते इथे, तुमच्याच डिस्क कंपनीच्या पानावर, सगळ्यांसमोर लिहिते, कारण फोनवर तुमच्यापैकी कोणी वाक्य पुरं होऊ देत नाही.

माझी सासू रंगूबाई. ठाकुर्लीला रुळांच्या अलीकडे आमचं जुनं गावठाण आहे, आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि मध्ये आम्ही. सासू धवलारीण. तुम्हाला कळणार नाही म्हणून सांगते. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून नवरी घरात येईपर्यंत प्रत्येक गोष्टीला गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते गाणारी ती धवलारीण. भटजी कितीही घसा फोडो, धवला झाला नाही तर आमच्या म्हाताऱ्या म्हणतात लग्न लागलंच नाही. हे कुठे छापलेलं नाही. ते रंगूबाईच्या सासूच्या गळ्यात होतं, तिथून रंगूबाईच्या गळ्यात आलं.

माझं माहेर खडवली. लग्न होऊन आले तेव्हा मला यातलं फारसं येत नव्हतं, पण हे एक दिवस जाणार एवढं कळत होतं. मी म्हटलं, आई, आपण आवाज भरून ठेवू. ती वर्षभर नाही म्हणाली. मग तयार झाली, पण तिच्या अटीवर. पहिली अट, मांडवाबाहेर धवला गायचा नाही, म्हणजे जे भरायचं ते खऱ्या लग्नातच. त्यामुळे मी चार-पाच वर्षं लोकांच्या लग्नांत तिच्या पायाशी रेकॉर्डर घेऊन बसलेली. दुसरी अट जास्त अवघड.

"येकच ठेव," ती म्हणाली. "तुज्या त्या कम्प्युटरमदी. मोबाइलवर नाय, कुनाला द्याचा नाय, दुसरी पेटी भराची नाय."

"आणि ती बिघडली तर?"

"बिगडली त बिगडली. मी मेली त मी पन जातेच ना गो?"

तिचं खोटं नव्हतं. दिवा गावाकडे एका हळदीत डीजेवाल्यानं कुठल्यातरी बाईचा भरलेला धवला स्पीकरवर लावला होता. ज्या धवलारणीला सुपारी देऊन बोलावलं होतं ती मंडपाच्या कडेला पान चघळत बसून राहिली आणि जेवून घरी गेली. रंगूबाई ते बघून आलेली. त्या रात्री ती एवढंच म्हणाली, पेटी गायली आनि बाय बसून रायली. म्हणून एकच प्रत. मी घरी येऊन गाणी कॉम्प्युटरमध्ये उतरवायचे आणि तिच्यासमोर रेकॉर्डर पुसायचे, ती बघायची, मगच उठायची.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. बोलते, पण जड. गाता येत नाही. आणि आम्हाला तोवर माहीत नव्हतं ते असं, की तिला शब्द चालीशिवाय आठवतच नाहीत. "तेल चढवतानाचं सांगा" म्हटलं की ओठ हलवते, पहिली ओळ येते, पुढे नुसता हात हवेत फिरतो आणि डोळ्यांत पाणी.

मग माझी नणंद नयन पुढे आली. ती दिव्याला राहते, आठवडाभर पोळी-भाजी केंद्र चालवते, आणि दर रविवारी येऊन कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसते. आई मागे खाटेवर. नयन गुणगुणायची, चुकली की आई काठी आपटायची. मांडवाबाहेर गायचं नाही म्हणून आम्ही त्या खोलीत चार बांबू टेकवून वर आंब्याचे टाळे, म्हणजे डहाळ्या, बांधल्या होत्या. हसा खुशाल. तिला ते चाललं. मार्गशीर्षात होणाऱ्या, गावातल्या एका लग्नाची सुपारी नयननं घेतली. तिची पहिली. हळदीपर्यंतची गाणी तिला आली होती. पुढची बाकी होती.

आणि कॉम्प्युटरमधून टक टक आवाज यायला लागला.

मी शाळेत क्लार्क आहे, कॉम्प्युटरला घाबरत नाही. चालू करताना काळ्या पडद्यावर लिहून आलं की डिस्क बदला. डिस्क तुमचीच, वॉरंटीतली. मी ठरवलं की आधी एक चांगली, भरवशाची डिस्क विकत आणायची, सगळं तिच्यावर उतरवायचं, आईसमोर जुनी पुसायची आणि मग वॉरंटीचं बघायचं. सरळ काम. फक्त भरवशाची कुठली ते शोधायचं होतं. नयनला तोवर बजावलं, कॉम्प्युटरला हात लावू नकोस.

ते तुम्ही शोधून दाखवा मला. मी संध्याकाळच्या संध्याकाळी त्यात घातल्या. इंटरनेटवर एक जण लिहितो हीच घ्या, दहा वर्षं हलणार नाही. त्याच्याच खाली दुसरा लिहितो, महिन्यात मेली, लग्नाचे फोटो गेले. तिसऱ्याला फक्त खोकं वेळेवर आलं याचा आनंद. ठाण्याला एका दुकानात म्हणाले, फिरणारी डिस्क घेऊच नका, आत काही फिरत नाही ती एसएसडी घ्या. दुसऱ्या दुकानात म्हणाले, एसएसडी मरताना टक सुद्धा करत नाही, ही निदान सांगून मरते. एकानं पॅकिंग फोडून हातात दिली, स्टिकर चकचकीत आणि स्क्रूच्या भोकांना ओरखडे. म्हटलं ही वापरलेली आहे. म्हणाला, "मॅडम, सीसीटीव्हीतून काढलेली, एकदम टॉप माल. चोवीस तास चाललेली डिस्क आहे, म्हणजे स्टॅमिना बघा." जसं काही बैल विकतोय.

शेवटी डोंबिवलीच्या मुकुलकडे गेले. त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे, स्वभाव कडू, पण तो निदान काही विकायची घाई करत नाही.

"भरवशाची डिस्क दे," म्हटलं.

"नसते."

"म्हणजे?"

"म्हणजे नसते ताई. सगळ्या मरतात. कोणती कधी, ते बनवणाऱ्याला पण माहीत नाही. दोन घ्या, दोन्हीवर ठेवा. दोन एकदम मरत नाहीत. याला भरवसा म्हणतात."

"दोन चालत नाहीत. एकच ठेवायचीय."

"का?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"मग तुम्हाला हार्ड डिस्क नकोय," तो म्हणाला, "देव पाहिजे. तो माझ्याकडे स्टॉकमध्ये नाही."

तरी त्यानं दोन नावं दिली, डिस्कच्या वॉरंटीची तारीख कंपनीच्या साइटवर तपासून घ्यायला सांगितली, आणि म्हणाला, "घेताय ती लवकर घ्या. टक टक जास्त दिवस थांबत नाही." मी एक ऑर्डर केली. ती यायच्या आत मला खडवलीला जावं लागलं, वडिलांना ताप होता.

आता माझा नवरा, सुदेश. बिल्डिंगला रेती-खडी पुरवतो, मनानं वाईट नाही. मी महिनाभर घरात डिस्क, डिस्क करत होते ते त्याच्या डोक्यात गेलेलं. मी घरात नाही बघून त्यानं यूट्यूब लावलं, डबा उघडला, जुनी डिस्क काढली आणि ठाण्याला तुमच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेला. तिथे त्याच दिवशी बदलून मिळाली. ती त्यानं कॉम्प्युटरमध्ये बसवली आणि मी परत आले तेव्हा चहा पीत माझी वाट बघत होता.

"जा, बघ," म्हणाला. "मरत होतीस ना त्या डिस्कसाठी? फुकटात बदलून आणली."

"जुनी कुठाय?"

"त्यांनी ठेवली. रिकामा सिलिंडर देतो तेव्हा भरलेला मिळतो ना? तसंच."

"सुदेश, गाणी त्यात होती."

"गाणी कॉम्प्युटरमध्ये आहेत ना? मी कॉम्प्युटर कुठे दिला?"

 त्याला माझ्या तोंडावरून कळलं. मग हळूच म्हणाला, "काउंटरवरच्या पोरीनं विचारलेलं, सर बॅकअप घेतलाय ना. मी म्हटलं हो. तू महिनाभर तेच तर करत होतीस."

त्याला मी शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही. पण एक सांगते. आमच्या घरात कोणतीही वस्तू बिघडली की सुदेश देऊन आणतो. मिक्सर, पंखा, पंप, त्याच्या ट्रकची बॅटरी. जुनं द्यायचं, नवं आणायचं. आत माणूस असलेली वस्तू त्यानं आजवर बदलली नव्हती. तुम्ही मात्र रोज बदलता. तुमच्या काउंटरवरच्या पोरीला माहीत होतं की आत काहीतरी असतं, म्हणूनच तर तिनं विचारलं. विचारून मोकळी झाली.

नवी डिस्क घेऊन मुकुलकडे गेले. म्हटलं यातून काही निघतं का बघ, कदाचित त्यांनी उतरवून दिलं असेल. त्यानं एक प्रोग्राम लावला. आधी हसला. "ताई, ही नवी नाही. ही तुमच्याआधी कोणाकडे तरी वर्षानुवर्षं चाललीय. दुरुस्त करून पुसून दिलीय." मग थोड्या वेळानं म्हणाला, "आणि धड पुसलेली पण नाही."

पडद्यावर फोटो येत गेले. अर्धे फाटलेले, काही पुरे. हिरव्या भिंतीचं घर, पाळण्याला झेंडू, एक बाई बाळाच्या कानात कुर्र करताना, मागे हसणारी आत्या असेल कोणी. बाळाच्या कपाळावर काजळाचा मोठा टिळा. मुकुलनं स्क्रीन माझ्यापासून दूर वळवली, जसं काही आम्ही कोणाच्या खिडकीतून आत बघत होतो. ती माणसं कोण, मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नसेल की त्यांचं बारसं डोंबिवलीत एका दुकानात चाललंय.

पुरावा म्हणून मी पाळण्याचा एक फोटो मोबाइलवर घेतला, आणि तेव्हा मनात आलं. यांचं आमच्याकडे, मग आमचं कोणाकडे?

दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून ठाण्याला तुमच्याकडे आले. टोकन, खुर्ची, मग काच आणि काचेमागे ती पोरगी. तिचं नाव लिहीत नाही, तिचा दोष नाही.

"आमची डिस्क परत द्या. ही घ्या तुमची."

"मॅडम, ती वेअरहाऊसला गेली."

"कुठल्या?"

"ते आम्हाला दिसत नाही."

"मला ती बंद पडलेलीच पाहिजे. दुसऱ्याकडून त्यातलं काढून घेईन. नवी नको."

"रिप्लेसमेंट झाल्यावर जुना पार्ट कंपनीचा होतो मॅडम. पॉलिसी आहे."

"डब्बा कंपनीचा. आतला आवाज कोणाचा?"

ती स्क्रीनकडे बघायला लागली. मी तिला म्हटलं, तुम्ही दिलेल्या डिस्कवर दुसऱ्यांचे फोटो निघालेत. ती घाबरली. आतून एक साहेब आला, टाय लावलेला, मराठी असून हिंदीत बोलणारा. म्हणाला असं होऊच शकत नाही, डेटा हंड्रेड पर्सेंट वाइप होतो. मी मोबाइलवर त्याला पाळणा दाखवला. तो म्हणाला, "मॅडम, किसी और का पर्सनल डेटा रखना गुन्हा है, आप डिलीट कीजिए." म्हणजे गुन्हेगार मीच. एवढं म्हणून तो आत गेला. माझी तक्रार बंद झाल्याचा मेसेज मी लिफ्टमध्ये असताना आला.

घरी सांगायलाच लागणार होतं. रविवारी नयन आली, हेडफोन शोधायला लागली. सुदेश जुन्या गोठ्याच्या जागी, आता जिथे गाडी लावतो, तिथे जाऊन उभा राहिला. मी आईच्या खाटेवर बसले आणि सांगितलं. नयन म्हणाली, "वहिनी, मला हळदीनंतरचं येत नाही. लग्न पंधरवड्यावर आलंय."

आईनं मला दोनदा सांगायला लावलं. मग जड जिभेनं विचारलं, "कोनी नेला?"

"कंपनीनं."

"कंपनीच्या घरात लगीन हाय?"

"नाही आई. त्यांना त्यात काय आहे माहीतही नाही. ते पुसतात आणि दुसऱ्या कोणाला देतात."

"पुसला का?"

मी हो म्हणू शकले असते. तिला बरं वाटलं असतं. पण मी ते हिरव्या भिंतीचं घर बघितलेलं. म्हटलं, "माहीत नाही."

तिनं वर बांबूंवरच्या आंब्याच्या टाळ्यांकडे बघितलं, पानं सुकून गोळा झाली होती. "पुसला आसंल त बरा हाय," म्हणाली. "नाय त कुनी तरी लावल. मंडपात. आनि तिथली बाय बसून राहील." तिला स्वतःच्या गळ्याचं दुःख नव्हतं. कुठल्यातरी अनोळखी गावात एका अनोळखी धवलारणीचा रोजगार बुडेल, तिच्या आवाजामुळे, याची तिला लाज वाटत होती. मग ती नयनला म्हणाली, "तुना जेवढा येतं तेवढा गा. पुढचा आला का हात जोड आनि सांग, मना येत नाय. खोटा गाऊ नको."

नयन लग्नात तसंच करणार आहे. हळदीपर्यंत गाईल आणि मग भरल्या मांडवात उभी राहून सांगेल की पुढचं मला येत नाही. म्हाताऱ्या काय म्हणतील ते मी ऐकून घेईन, नयनही ऐकेल. आम्हाला तोंड आहे. तुम्हाला मात्र टेप आहे.

म्हणून मी नवी डिस्क मागत नाही, भरपाई मागत नाही, आणि तुमच्या पाच चांदण्या तुमच्याकडेच ठेवा. माझी ऑर्डर केलेली डिस्क आली आहे, खोक्यात पडून आहे, तिच्यावर ठेवायला काही नाही. मला नाव असलेला माणूस पाहिजे, जो सही करून सांगेल: रंगूबाईचा आवाज पुसलात की नाही? नसेल पुसला, तर आज तो कोणाच्या घरात आहे? मला पत्ता द्या. मी स्वतः जाऊन मागून आणते. सांगा.