'बॉर्न' या शब्दाची शुक्रवारची दुपार

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. 'बॉर्न', म्हणजे जन्मलेला. घानाच्या किनाऱ्यावरच्या एल्मिना गावात माझा मुक्काम पिढ्यान्‌पिढ्यांचा.

मूल जन्मलं की ते जाहीर करायचं, एवढंच माझं खरं काम. पण रिकामा शब्द कोणाला बघवत नाही. चर्चमध्ये मला 'बॉर्न अगेन', म्हणजे श्रद्धेने 'पुन्हा जन्मलेल्या' मंडळींसाठी राबवतात. त्यातली काही तिसऱ्यांदा येतात. निवडणूक आली की प्रत्येक उमेदवार 'बॉर्न लीडर', जन्मजात पुढारी. शिंप्याच्या पाटीवर मी, न्हाव्याच्या आरशावर मी. वापरून वापरून मी पार झिजलो. खऱ्या कामाला आता पुरेन का, अशी धास्ती वाटू लागली.

त्या शुक्रवारी दुपारी व्हॅनवाला फीफी प्रसूतिगृहाच्या दाराशी बसला होता. आत त्याची बायको अराबा, बाहेर शेजारी त्याची म्हातारी आई.

"आई, बॉर्न ड्रायव्हर येतोय बघ!"

"आधी येऊ तर दे! तुझ्या वेळी तुझा बाप म्हणाला होता, बॉर्न मासेमार येतोय. अजून होडीत बसलास की ओकतोस."

एवढ्यात अराबाचं ओरडणं थांबलं. फीफी उठला. पण बाळाचा आवाज येईना. आतून दाई मान्साचाच आवाज आला, "बाळाची पाठ चोळा. अजून चोळा. रड गं बाई, रड!"

फीफीने तोंड उघडलं. म्हातारीने त्याचा हात दाबला. "तो शब्द काढू नकोस अजून."

मी त्याच्या ओठांशी तसाच अडकून राहिलो. पाट्यांवर मिरवलेला मी, आता मला कोणी उच्चारेल की नाही तेच कळेना.

आणि मग रडणं आलं. चिडकं, खरखरीत, भांडखोर.

मान्सा घाम पुसत दारात आली. "फ्रायडे बॉर्न! मुलगी! दोघी खुशाल आहेत."

मित्रांनो, मी पुन्हा कोरा करकरीत झालो.

"म्हणजे एफुआ," म्हातारी म्हणाली. आमच्याकडे शुक्रवारच्या मुलीचं नाव ठरलेलंच असतं, जसं शुक्रवारच्या मुलाचं फीफी. "या शुक्रवारवाल्याने माझी कंबर मोडली, आता ही दुसरी!" असं म्हणून ती बाळापेक्षाही मोठ्याने रडली.

आठव्या दिवशी पहाटे नाव ठेवण्याच्या विधीत, अंगणात जमलेल्या पाहुण्यांदेखत म्हातारीने बाळाच्या जिभेवर आधी पाण्याचा थेंब टेकवला, मग दारूचा. "पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू म्हण," असं तिने बाळाला बजावलं. माझीही तुम्हाला तेवढीच विनंती आहे. मला जपून वापरा. पुढाऱ्यांसाठी दुसरे पुष्कळ शब्द आहेत. मला मात्र रडणं ऐकल्यावरच हाक मारा.

पाण्याचा थेंब एफुआने मिटक्या मारत चाखला. दारूला मात्र तोंड वाकडं केलं. तसं करणारी त्या अंगणात ती एकटीच होती.